बातमीच्या डोक्यावर कोणाची जाहिरात?

मागच्या महिन्यात उमरग्यातल्या एका अभ्यासिकेत आम्ही बसलो होतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने आमच्यासमोर मोबाईल धरला. शेजारच्या जिल्ह्यात झालेल्या एका अत्याचाराची बातमी त्याला आम्हाला दाखवायची होती. पान उघडले. मथळा दिसला आणि लगेच खाली घसरला, त्याच्या जागी प्लॉट विक्रीची पट्टी आली. मुलाने मथळ्यावर बोट ठेवले, तेवढ्यात पान पुन्हा हलले आणि बोट पडले ते 'प्रेमात अपयश? चोवीस तासांत उपाय' असे सांगणाऱ्या एका बाबाच्या जाहिरातीवर. परत मागे आलो तर पडदाभर दुसरीच जाहिरात. ती बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट तिथे नेमके पडूच नये. फुली सापडली तेव्हा कळले की बातमी फक्त चार ओळींची आहे आणि उरलेली 'पुढे वाचा'च्या पलीकडे. शेवटी मुलगा कंटाळून म्हणाला, "सर, जाऊ द्या. कुणीतरी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला असेल, तोच पाठवतो."

ही गोष्ट आम्ही तंत्रज्ञानाची तक्रार म्हणून सांगत नाही. मोबाईल जुना होता, रेंज कमी होती, असे म्हणून ती सोडून देता येईल. पण विचार करा. आपल्या एका माणसावर झालेल्या अत्याचाराची बातमी वाचायला निघालेल्या आपल्याच तरुणाला त्या पानाने बातमीपर्यंत पोहोचू दिले नाही. आणि त्या पानाने हे चुकून केले नाही. ते पान तसेच बनवलेले होते. वाचकाचे बोट जाहिरातीवर पडावे हाच त्या रचनेचा हेतू होता. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की वेबसाइटची रचना आणि जाहिरात हा आंबेडकरी चळवळीच्या विचाराचा विषय आहे. 'ते डिझाइनवाल्या पोरांचे काम' म्हणून तो बाजूला टाकता येणार नाही.

आधी हे यंत्र चालते कसे ते समजून घेऊ. आपण एखाद्या पोर्टलचे पान उघडतो तेव्हा त्यावरची प्रत्येक रिकामी चौकट क्षणार्धात लिलावाला निघते. आपण साधारण कुठे आहोत, कोणता मोबाईल वापरतो, याआधी काय काय पाहिले, ही माहिती बोली लावणाऱ्यांकडे जाते. ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात त्या चौकटीत येते. पान पूर्ण उघडायच्या आत हा सगळा व्यवहार उरकलेला असतो. पोर्टलवाल्याला त्यातून मिळतात दर हजार वेळा दिसलेल्या जाहिरातीमागे काही पैसे. मराठी वाचकामागे मिळणारा दर इंग्रजी वाचकाच्या दरापेक्षा कमी असतो. मग पोर्टलवाला काय करतो? चौकटींची संख्या वाढवतो. एका बातमीची दहा पाने करतो. फोटोंची माळ लावतो, म्हणजे प्रत्येक फोटोला नवे पान आणि प्रत्येक पानाला नव्या जाहिराती. मथळ्यात 'धक्कादायक' टाकतो. मजकुराचा दर्जा वाढवून जेवढे मिळते त्याहून जास्त पानाची कोंडी करून मिळते, हे त्याला चांगले ठाऊक असते.

पान हलते ते का? जाहिरातीसाठी किंवा चित्रासाठी जागा आधीच राखून ठेवली तर पान हलत नाही. हे काही अवघड शास्त्र नाही. गुगलने २०२० साली पानांचा दर्जा मोजण्यासाठी जी मापे जाहीर केली त्यात 'पान उघडताना मजकूर किती सरकतो' हे एक माप आहेच. म्हणजे दोष कोणता आहे हे माहीत आहे आणि तो दुरुस्त कसा करायचा हेही माहीत आहे. तरीही पान हलते, कारण चुकून पडलेल्या बोटाचेही पैसे होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या अशा रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार मोजून दिले आहेत. जाहिरातीला बातमीचा किंवा साध्या मजकुराचा वेश चढवणे हा त्यातलाच एक प्रकार. तत्त्वे कागदावर आहेत. तालुक्याच्या वाचकाला मात्र आपण कोणत्या फसवणुकीला बळी पडलो, त्याला नावसुद्धा आहे, हे कुणी सांगितलेले नाही.

आता यात जात कुठे आली, असा प्रश्न काही मित्र विचारतील. तीन ठिकाणी आली.

पहिले ठिकाण म्हणजे शब्द. मोठ्या कंपन्या जाहिरात देताना नको असलेल्या शब्दांची यादी देतात. हत्या, बलात्कार, हिंसा, आंदोलन असे शब्द ज्या पानावर असतील तिथे आमची जाहिरात नको, असे त्या यंत्रणेला सांगून ठेवतात. ब्रँडची प्रतिमा जपण्यासाठी हे असते म्हणे. आता सांगा, ॲट्रॉसिटीची बातमी या शब्दांशिवाय लिहायची कशी? परिणाम असा होतो की राशिभविष्याचे पान, नटीच्या लग्नाचे पान, सोन्याच्या भावाचे पान कमावते आणि अत्याचाराची बातमी तोट्यात जाते. अमेरिकेत २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर हेच घडले. कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाच्या बातम्या वाचल्या खूप गेल्या, पण याच शब्दबंदीमुळे त्या पानांना जाहिराती कमी मिळाल्या, हे तिथल्या 'व्हाइस' या माध्यमसंस्थेने उघड केले. शोषिताचे दुःख वाचले जाते पण विकले जात नाही. आणि जे विकले जात नाही ते हळूहळू लिहिलेही जात नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे माणसे. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली माध्यमांमधल्या जातीय प्रतिनिधित्वाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या १२१ नेतृत्वाच्या पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा माणूस त्यात एकही नव्हता. कोणती बातमी वर जाईल, कोणती 'इतर' या सदरात गडप होईल, कोणत्या पानावर किती जाहिराती चालतील, हे निर्णय या पदांवरची माणसे घेतात. उमरगा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. आमदारकीची जागा बाबासाहेबांच्या संविधानाने राखून ठेवली. बातमीच्या पानावरची जागा मात्र रोज लिलावात निघते आणि त्या लिलावात आपण बोली लावणाऱ्यांतही नाही आणि लिलाव पुकारणाऱ्यांतही नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द जाहिरातीचा मजकूर. १४ एप्रिलला पहिल्या पानावर महामानवाला अभिवादन आणि आतल्या पानावर विवाहविषयक जाहिरातीत 'एससी, एसटी क्षमस्व', हे आपण किती वर्षे पाहत आलो? छापील पानावरची ती ओळ आता वधू-वर संकेतस्थळांच्या रकान्यात बसली आहे. जात निवडा, पोटजात निवडा, पुढे जा. 'क्षमस्व' लिहिण्याचीही गरज उरली नाही. ते काम आता रचनाच करते.

आता तालुक्याच्या पातळीवर या. इथला जाहिरातीचा धंदा गुगलच्या लिलावावर चालत नाही. तो चालतो शुभेच्छांवर. नेत्याचा वाढदिवस, सरपंचाची निवड, दुकानाचे उद्घाटन, दिवाळी, जयंती. ग्रामीण वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. त्याची खरी कमाई म्हणजे त्याने आणलेल्या जाहिरातीवरचे कमिशन. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची त्याच्याच दारात त्याला जाहिरातीसाठी उभे राहावे लागते. छापील वृत्तपत्रांची ही पद्धत आता गावोगावच्या पोर्टलांनी आणि यूट्यूब चॅनेलांनी जशीच्या तशी उचलली आहे. फरक एवढाच की पूर्वी पुरवणी वर्षातून दोनदा निघायची, आता शुभेच्छांची पट्टी बातमीच्या डोक्यावर बारा महिने फिरत असते.

आमचाच एक अनुभव सांगतो. तालुक्यातल्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गावरून आमच्या वस्तीतल्या पोरांना मारहाण झाली. आम्ही फिर्यादीची प्रत आणि जखमींचे फोटो घेऊन एका स्थानिक वार्ताहराकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि मग खाली बघत म्हणाला, "दादा, बातमी घेतो की. पण आठ दिवस थांबा. ज्याचं नाव तुम्ही सांगताय त्यांचा शुक्रवारी वाढदिवस हाय. पूर्ण महिन्याची पट्टी त्यांचीच हाय आपल्याकडं. मला पण घर चालवायचंय." आम्ही म्हणालो, बातमी आज आहे, आठ दिवसांनी ती बातमी राहणार नाही. तो गप्प बसला. दहाव्या दिवशी बातमी आली. मथळा होता 'दोन गटांत वाद'. कोणते दोन गट, वाद कशाचा, मार कोणी खाल्ला, काहीच नाही. चार ओळी. आणि त्या चार ओळींच्या वर, हात जोडलेल्या फोटोसह, त्याच माणसाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

'दोन गटांत वाद' हा शब्दप्रयोग लक्षात ठेवा. मारणारा आणि मार खाणारा यांना एका तागडीत बसवणारी ही भाषा संपादकाच्या अज्ञानातून येते असे आम्हाला पूर्वी वाटायचे. आता वाटते की ती जाहिरातीच्या दरपत्रकातून येते. त्या वार्ताहरावर आमचा राग नाही. त्याला पगार न देता जाहिरात आणायला लावणाऱ्या व्यवस्थेवर आहे. आणि थोडा स्वतःवरही आहे, कारण त्या पोर्टलला जयंतीच्या शुभेच्छांची जाहिरात आमच्याच मंडळांनी दिली होती.

हा प्रकार वर गेला की काय रूप घेतो ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत जाहिरातच बातमी म्हणून छापली गेली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत सत्ताधाऱ्यांचे गुणगान करणारा मजकूर शब्दशः सारखा आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून दाखवून दिले. भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० साली 'पेड न्यूज'वर नावानिशी अहवाल तयार केला. परिषदेने तो पूर्ण प्रसिद्ध केला नाही. २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला तेव्हा तो अधिकृतपणे लोकांसमोर आला. दुसऱ्यांचे घोटाळे छापणाऱ्यांच्या स्वतःच्या घोटाळ्याचा कागद बाहेर काढायला माहितीचा अधिकार वापरावा लागला!

हे सगळे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. पत्र निघते आहे हे लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली, पैसे देण्याची तयारी होती, तरी 'केसरी'ने ती नाकारली. ही हकिकत पुढे खुद्द बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये नोंदवली. याचा अर्थ नीट समजून घ्या. बाजार सर्वांना खुला असतो, पैसे टाका आणि जागा घ्या, असे आपल्याला सांगितले जाते. १९२० साली पैसे होते, तरी जागा मिळाली नाही. जाहिरातीचा बाजार जातीच्या बाहेर नसतो, हा आपल्या पत्रकारितेला मिळालेला पहिलाच धडा आहे.

दुसरा धडा बाबासाहेबांनी १९४० च्या दशकात इंग्रजीत लिहिताना दिला. अस्पृश्यांचे स्वतःचे वृत्तपत्र का टिकत नाही, हे त्यांनी तिथे स्पष्ट केले आहे. जाहिरातीच्या उत्पन्नाशिवाय वृत्तपत्र चालत नाही. जाहिरात व्यापाऱ्यांकडून येते. आणि व्यापारीवर्ग ज्यांच्या बाजूला बांधलेला आहे ते आपल्या पत्राला उभे करणार नाहीत. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी भारतीय पत्रकारितेवर याहून कठोर बोट ठेवले. एके काळी जो पेशा होता तो आता धंदा झाला, आणि साबण बनवण्याच्या कारखान्यात जेवढी नैतिक जबाबदारी असते त्याहून जास्त जबाबदारी हा धंदा मानत नाही, असा त्यांचा आरोप होता. आज जाहिरातींच्या गर्दीत बातमी शोधताना साबणाची ती उपमा अतिशयोक्तीची वाटत नाही. साबण निदान हात तरी स्वच्छ करतो.

आणि रचनेचे म्हणाल, तर त्या काळी अनेक वृत्तपत्रांचे पहिले पान जाहिरातींनी भरलेले असे. 'मूकनायक'च्या माथ्यावर मात्र तुकोबांचा अभंग होता आणि 'बहिष्कृत भारत'च्या माथ्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. पान उघडताच वाचकाची नजर कुठे पडावी हा निर्णय बाबासाहेबांनी विचारपूर्वक घेतला होता. वाचक हा माणूस आहे, त्याला काही सांगायचे आहे, हे त्या माथ्यावरून कळते. 'मूकनायक' १९२३ पर्यंतच चालला, 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये थांबला, पैशाची चणचण कायम होती. पण १९३० साली 'जनता' आले आणि १९५६ साली त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्रे बंद पडली, पण त्यांचे माथे विकले गेले नाहीत.

आता थोडे आत्मपरीक्षण. आपल्या चळवळीतली आजची पोर्टले, चॅनेले आणि ब्लॉग कसे दिसतात? दुर्दैवाने प्रस्थापितांच्या पानांची स्वस्त नक्कल. निळ्या पार्श्वभूमीवर गडद निळी अक्षरे. पान उघडताच आपोआप वाजणारे गाणे. लेखाच्या जागी लेखाचा फोटो, जो गुगलला सापडत नाही, मोठा करून वाचता येत नाही आणि दृष्टिहीन बांधवांच्या मोबाईलला वाचून दाखवताही येत नाही. आपल्या कितीतरी जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये अडकला आहे. त्याची पीडीएफ ग्रुपवर फिरते, पण त्यातला एक शब्द शोधायचा म्हटले तर शोधता येत नाही. ज्यांना हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले त्यांनी स्वतःचेच अक्षर न सापडणाऱ्या जागी ठेवावे, याला काय म्हणायचे?

जाहिरातीबाबत आम्हीही चुकलो आहोत, हे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही याच पानांवर एका जाहिरात यंत्रणेचा कोड बसवला. खर्च निघेल एवढीच अपेक्षा होती. बावीस प्रतिज्ञांवरच्या लेखाखाली भाग्यरत्नाची जाहिरात आली. एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवून खाली फक्त एवढेच लिहिले, "जय भीम सर, आता अंगठी पण घालायची का?" आम्हाला लाज वाटली. ज्योतिष, जुगार, असले प्रकार सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात हे आम्हाला त्यानंतर कळले. आम्ही ते केले, आणि पुढे कोडच काढून टाकला. पैसे हातात पडायला जी किमान रक्कम जमावी लागते तिथपर्यंत आम्ही कधी पोहोचलोच नव्हतो. म्हणजे तत्त्वही गेले आणि पैसाही आला नाही.

आणि तोटा तेवढाच नव्हता. असा कोड बसवला की आपला वाचक कोण, तो कोणते लेख वाचतो, किती वेळ थांबतो, ही नोंद तिसऱ्याच्या हातात जाते. चळवळीचे साहित्य वाचणाऱ्या तरुणांची यादी आपणच बाजारात मांडतो. ज्या काळात कार्यकर्त्यांच्या मोबाईलवर आणि संगणकावर लक्ष असते, त्या काळात ही बेफिकिरी परवडणारी नाही.

"जाहिरात नको तर पोर्टल चालवायचे कशावर?" हा प्रश्न आमचे काही सहकारी रागाने विचारतात. प्रश्न रास्त आहे. वार्ताहराला घर आहे, पोट आहे, गाडीत पेट्रोल लागते. फुकट राबा आणि क्रांती करा असे सांगणारे आम्ही नाही. शासनाच्या जाहिराती मिळवायच्या तर यादीवर यावे लागते, आणि त्या यादीच्या अटी लहान माध्यमांच्या आवाक्यात क्वचितच असतात. मिळाल्याच तर शासनावर टीका करताना हात आखडतो. व्यापाऱ्याच्या जाहिरातीचे काय होते ते बाबासाहेबांनी सांगितले आहे. मोठ्या माध्यमांनी काय केले तेही बघा. पैसे लावून खेळायच्या रमीच्या आणि तसल्या ॲपच्या जाहिराती वर्षानुवर्षे बातम्यांच्या पानांवर होत्या. तरुण कर्जबाजारी झाल्याची बातमी आणि शेजारी त्याच खेळाची जाहिरात. २०२५ साली संसदेने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा येईपर्यंत किती संपादकांनी स्वतः होऊन ती चौकट रिकामी ठेवली?

आमचे म्हणणे जाहिरात अजिबात नको असे नाही. आपल्या वस्तीतली मेस, शिकवणी वर्ग, छापखाना, मोबाईल दुरुस्तीचे दुकान, शिवणकाम करणारी ताई, यांची जाहिरात आपल्या पानावर आलीच पाहिजे. १९२० साली ज्यांना पैसे देऊनही जागा मिळाली नाही त्यांच्या वारसांनी आपल्या माणसांना जागा द्यायची नाही तर कोणी द्यायची? पण त्याला नियम हवेत, आणि ते आधी लिहून ठेवलेले हवेत.

पहिला नियम, जाहिरातीवर 'जाहिरात' असे स्पष्ट मराठीत लिहा. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरात नको, मजकुराइतक्याच अक्षरात. दुसरा, जाहिरातीची जागा ठरलेली आणि राखलेली असावी, ती मजकुराच्या डोक्यावर चढणार नाही आणि वाचकाच्या बोटाखाली सरकणार नाही. पडदा झाकणारी जाहिरात आपल्याकडे कधीच नको. तिसरा, बाबा, बुवा, वशीकरण, ग्रहशांती, चमत्कारी औषधे, जुगार यांची जाहिरात नको. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आलेला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या हातात आहे. दुसऱ्यांच्या पानावर असे काही दिसले तर तक्रारही करा. चौथा, ज्याच्यावर अत्याचाराचा गुन्हा दाखल आहे त्याच्या शुभेच्छा आपल्या पानावर एक दिवसही नकोत, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्याच गटाचा असो. पाचवा, कोणाकडून किती पैसे आले आणि कशावर गेले याचा हिशेब दर तीन महिन्यांनी त्याच पानावर लावा. ज्याला हिशेब दाखवायची भीती वाटते त्याला 'दोन गटांत वाद' लिहावेच लागते.

सहावा नियम रचनेचा. पान हलके ठेवा. आपला वाचक रोजचा डेटा रात्रीपर्यंत पुरवून वापरणारा आहे. मजकूर युनिकोडमध्ये, अक्षर मोठे, पांढऱ्यावर काळे, लेखाची तारीख आणि लेखकाचे नाव वर. गाणे, फिरत्या पट्ट्या, चमकणारे तारे काढून टाका. साधे पान म्हणजे गरिबीचे लक्षण नव्हे, ते वाचकाचा मान राखणे आहे. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांनी जात लपवली आणि मेलेल्यांच्याच चारित्र्यावर संशय घेतला. त्या काळात सत्यशोधन समित्यांचे अहवाल देशभर पोहोचवण्यात साध्या, बिनजाहिरातीच्या ब्लॉगांचा आणि ईमेलचा वाटा होता. त्या पानांवर काही चमकत नव्हते. पण बातमी होती, आणि ती हलत नव्हती.

राहिला पैशाचा प्रश्न. डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च चौकात लावलेल्या एका मोठ्या डिजिटल बॅनरच्या आसपास जातो. जयंतीला आपण किती बॅनर लावतो? डीजेच्या एका रात्रीला किती मोजतो? आम्ही उमरगा आणि परिसरातल्या प्रत्येक जयंती मंडळाला जाहीर विनंती करतो, की पुढच्या जयंतीच्या जमाखर्चात 'माध्यम निधी' अशी एक ओळ घाला. डीजेच्या रकमेचा दहावा हिस्सा. त्यातून एका वार्ताहराचे पेट्रोल निघेल, मग त्याला कुणाच्या वाढदिवसाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. आणि कॉम्प्युटर शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी सुट्टीचे चार दिवस द्यावेत. जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणे, आपल्या पोर्टलांची पाने हलकी करणे, हे समाजकार्यच आहे. सुरुवात आमच्यापासून. या पानांवर यापुढे कोणत्याही यंत्रणेचा कोड बसणार नाही आणि पहिला हिशेब १४ एप्रिलला इथेच लागेल. नाही लागला तर जाब विचारा.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाने शेवटी आम्हाला स्क्रीनशॉट पाठवला. त्यात बातमीचा अर्धाच भाग होता, उरलेल्या अर्ध्यावर जाहिरात. त्या झाकलेल्या भागात पीडित कुटुंबाचे म्हणणे होते. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी फोन करून, त्या गावच्या कार्यकर्त्याकडून ऐकावे लागले. बाबासाहेबांनी मुक्यांना नायक दिला. त्या नायकाच्या तोंडावर कुणाची पट्टी चिकटवू द्यायची नाही, एवढे तरी आपण करू शकतो.

जय भीम!